मुकी वाटी

आमचे सर वारले असा फोन कधी आला, तर मला रडू येईल की सुटल्यासारखं वाटेल, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तूर्त ते ठणठणीत आहेत. वेल्ह्याकडे, गुंजवण्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या सोंडेवरच्या आपल्या वस्तीवर ते भावाच्या शेळ्या राखतात. जिवंत माणसावर असलं काही लिहू नये म्हणतात. पण माणूस गेला की लिहिणाऱ्याच्या लेखणीला साखर लागते, आणि मला साखर नको आहे.

पहिल्यांदा त्यांना पाहिलं ते कापूरहोळला, फाट्यावरच्या आमच्या पंक्चरच्या दुकानात. मी मायक्रोबायोलॉजी घेऊन बी.एस्सी. झाले होते आणि घरी बसले होते. आई माझ्या पत्रिकेच्या झेरॉक्स पाहुण्यांत वाटत होती. एका दुपारी पुण्याकडून एक टेम्पो बसलेल्या चाकाने लंगडत आला. हौद्यात गोधडीत गुंडाळलेलं कपाटाएवढं काहीतरी होतं, आणि त्याला दोन्ही हातांनी कवटाळून एक दाढी वाढलेला माणूस उभा होता. पायांत दोन तऱ्हेच्या दोन चपला.

"सामान उतरवा, जॅक लावायचाय," वडील म्हणाले.

"न्हाई उतरायचं. तुमी उचला टेम्पो, म्या धरून उभा ऱ्हातो."

पुण्याच्या एका संस्थेने भंगारात काढलेलं ते इनक्युबेटर होतं, पेशी वाढवायचं उबदार कपाट. भोरच्या कॉलेजात शिकवणारा हा माणूस ते पदरमोड करून घेऊन चालला होता. वडिलांनी शेवटी माणसासकट टेम्पो उचलला. ट्यूब काढून पाण्याच्या घमेल्यात धरली, बुडबुडे आले, तर हौद्यातून हा ओरडला, "बघा! भोक हुतंच. दाखवायला पाणी लागलं." मग माझ्याकडे वळून विचारलं, "काय शिकलीस गं?"

मी सांगितलं.

"जंतू मारायचे कसे?"

"उकळून."

"मेल्यावर ते जातात कुठं?"

मी वडिलांच्या हातातल्या ट्यूबकडे बघितलं. "उद्या भोरला ये," ते म्हणाले, "उत्तर सापडलं की जा माघारी." मी गेले आणि सात वर्षं राहिले. एम.एस्सी. तिथूनच केलं, मग सरांच्याच प्रोजेक्टवर लागले. आईने उरलेल्या झेरॉक्स भाजीवालीला पुड्या बांधायला दिल्या.

कॉलेजच्या मागे खेळाचं सामान ठेवायची खोली होती, ती आमची प्रयोगशाळा. भिंतीवर कबड्डीच्या संघांचे फोटो तसेच होते. सरांनी ते काढू दिले नाहीत, कारण खिळा काढला की धूळ उडते. आठवड्यातून दोनदा ते सकाळीच थर्मास घेऊन खाटकाकडे जाऊन उभे राहायचे. ताज्या बोकडाच्या पायाची नळी घ्यायची आणि तिच्यातल्या मगजातून पेशी वाढवायच्या, अशी रीत होती. सगळं भोर त्यांना 'नळीवाले सर' म्हणायचं. कॉलेजच्या नावाखाली हा माणूस रोज रस्सा ओरपतो, अशी निम्म्या गावाची खात्री होती. सरांनी कधी खुलासा केला नाही. "खात्री झालेल्या माणसाला काय सांगायचं? त्याची भूक मेलेली असती," म्हणायचे.

आमचं सगळं काम एका पेशीवर चाले. डेंड्रायटिक सेल असं तिचं नाव. सर तिला 'फांदीवाली' म्हणत. ही पेशी कातडीखाली, आतड्यात, फुप्फुसात बसून असते. कोवळी असते तोवर तिला एकच उद्योग, खाणं. समोर येईल ते गिळते. मग एखाद्या दिवशी तिला कळतं की गिळलं त्यात घातकी काहीतरी होतं, आणि ती पार बदलते. खाणं थांबवते. अंगाला फांद्या फुटतात. आहे ती जागा सोडून काखेतल्या, जांघेतल्या गाठीपर्यंत चालत जाते, आणि गिळलेल्याचे तुकडे अंगावर काढून तिथल्या लढणाऱ्या पेशींना दाखवते, की बघा, हा घुसलाय. ही दाखवायची ताकद तिला आयती मिळत नाही, अंगात यावी लागते. ती कशी येते एवढंच सर जन्मभर शोधत होते. "खायाला सगळ्यास्नी येतं. तोंड मिटतं तवा हात वर व्हतात," हे त्यांचं वाक्य. ते माणसांनाही लावायचे. आमच्याकडे एक प्राध्यापक होते, दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या परिषदेला जाऊन फाइल आणि जेवण घेऊन येणारे. सर भर स्टाफरूममध्ये त्यांना म्हणाले, "अजून खाताय व्हय?" त्यानंतर सरांना चहा द्यायला शिपाईसुद्धा कां-कू करायला लागला.

दुसरीही एक गोष्ट ते सांगत. ती मी तेव्हा वहीत उतरवून घेतली, आणि आता पुसावी म्हटलं तरी पुसता येत नाही. पेशीने नुसतं दाखवून भागत नाही. दाखवताना धोक्याची हाक द्यावी लागते. हाक न देता दाखवलं, तर समोरची पेशी भलतंच शिकते. हे चालतं, हे सोसायचं, असं तिला वाटतं आणि ती कायमची गप्प होते. "बिबट्या आला आन् तू नुसतं बोट दावलंस, तर वस्तीवरची मान्सं म्हनत्यात कुत्रं असंल. दावायचं आन् बोंब ठोकायची. दोन्ही." हे सांगताना ते खरोखर तोंडावर हात मारून बोंब ठोकायचे. बाहेर पोरं हसायची.

आणि मुकी वाटी. आम्ही डिश म्हणायचो, ते वाटी म्हणायचे. प्रत्येक प्रयोगात एक वाटी अशी ठेवायची, जिच्यात औषध घालायचं नाही. नुसत्या पेशी आणि त्यांचं खाद्य. तिच्यातल्या पेशी शेवटपर्यंत गोल आणि गुळगुळीत राहिल्या पाहिजेत. मुकी वाटी बोलली, म्हणजे तिच्यातही फांद्या फुटल्या, तर समजायचं की बाकीच्या वाट्यांतल्या ज्या फांद्यांवर आपण खूश आहोत त्यांत औषधाचं कर्तृत्व काहीच सांगता येत नाही. मग सगळा प्रयोग मोरीत ओतायचा. या पेशी इतक्या हळव्या, की वाटी आपटली तरी त्यांना वाटतं संकट आलं. म्हणून खोलीत अनवाणी वावरायचं, कुजबुजत बोलायचं. एकदा कॉलेजच्या रस्त्याने लग्नाची वरात आली, डीजेने खिडकीच्या काचा थरथरायला लागल्या. सर धावत गेले आणि नवरदेवाच्या घोड्यापुढे हात जोडून उभे राहिले. वरातीतल्या लोकांना वाटलं मुलीकडचे आहेत. त्यांनी सरांच्या डोक्यावर फेटा ठेवला आणि त्यांना नाचवलं. फेटा घालूनच ते परत आले, दुर्बिणीतून, म्हणजे आमच्या मायक्रोस्कोपमधून, मुक्या वाटीकडे पाहिलं, आणि सगळ्या वाट्या ओतून दिल्या.

माझं चार महिन्यांचं काम त्यांनी असंच ओतलं होतं. मी मुकी वाटी ठेवताना ती कपाटाच्या कडेला टक्कन लागली, एवढंच. "हात हाय का पहार?" म्हणाले, आणि माझ्यादेखत सगळ्यात ब्लीच घातलं. भोरच्या स्टँडवर मी रडत बसले होते. राग आला होता, पण त्याच्या तळाशी अभिमानही होता, की आपण अशा माणसाच्या हाताखाली आहोत. राग विरला. अभिमान तेवढा उरला, आणि पुढे त्यानेच माझा घात केला.

सरांच्या वस्तीवर मी बऱ्याचदा गेले. त्यांच्या घरची भाताची खाचरं धरणात बुडाली, तेव्हापासून घर शेळ्यांवर चालायचं. थोरले भाऊ चौथीतून शाळा सोडून शेळ्यांमागे गेले होते, धाकट्याला शिकता यावं म्हणून. हे भाऊ कधी बोलून दाखवत नसत. सरच दाखवायचे, तेही भावाच्या पाठीमागे आणि डोळे भरून. वहिनी म्हणजे शिडशिडीत, हसऱ्या, एका जागी न बसणाऱ्या. शेळ्यांना आवाजावरून ओळखायच्या. दर पावसाळ्यात कोवळं गवत आलं की शेळ्या अधाशासारख्या खायच्या, पोट फुगायचं आणि सकाळी गोठ्यात आडव्या. आंत्रविषार म्हणतात त्या रोगाला. त्यावर सरकारी दवाखान्याची लस असते, मे महिन्यात टोचायची. पण वस्ती उंच, दवाखान्याची माणसं येतील आणि सगळ्या शेळ्यांना पुरेल इतकी लस आणतील याचा भरवसा नसायचा.

सरांनी ठरवलं की पुण्याहून स्वतः थोडी लस विकत आणायची आणि तिच्या पाव मात्रेत काम भागवायचं. लसीबरोबर गुळवेलीचा अर्क टोचायचा, त्याने फांदीवाली खडबडून जागी होईल, आणि पाव मात्रासुद्धा पूर्ण दाखवली जाईल. गुळवेल त्यांची आई आजारी शेळ्यांना द्यायची. वाट्यांमध्ये अर्क घातला की फांद्या अशा फुटायच्या, की मीही पहिल्यांदा पाहिलं तेव्हा टाळ्या वाजवल्या होत्या. तीनदा केलं, तीनदा जमलं, तिन्ही वेळा मुकी वाटी मुकी होती. सर भावाला म्हणाले, "दादा, औंदा दवाखान्याची लस घ्यायची न्हाई. दोन लसी झाल्या तर कशानं गुण आला ते कळायचं न्हाई." दवाखान्याची माणसं खरंच वर चढून आली, तेव्हा भावांनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं. "आमचा भाऊ आनतोय," असं सगळ्या डोंगराला ऐकू जाईल असं सांगितलं.

टोचायच्या आदल्या दिवशी मी चौथ्यांदा लावलेला प्रयोग बघायला बसले. दुर्बिणीखाली मुकी वाटी ठेवली. पेशींना फांद्या होत्या. हात पसरून बसल्या होत्या नुसत्या. मी दुसऱ्यांदा पाहिलं, तिसऱ्यांदा पाहिलं, मग मोबाईलने फोटो काढला. कारण सापडायला वेळ लागला नाही. मे महिन्यात वीज सारखी जात होती, शुद्ध पाण्याचं यंत्र बंद, म्हणून बरेच दिवस आम्ही कॅनमध्ये साठवलेलं पाणी उकळून वापरत होतो. उकळलं की जंतू मरतात. पण मेलेल्या जंतूंची सालं पाण्यातच राहतात, आणि या पेशी सालांनाही भितात. पहिल्या भेटीतल्या प्रश्नाचं उत्तर मला त्या दिवशी मिळालं. आधीच्या तीन वेळांचा अर्कही त्याच कॅनच्या पाण्यात काढलेला होता. मुक्या वाटीच्या खाद्यात मात्र तेव्हा विकतचं पाणी होतं; ते संपलं म्हणून या वेळी तिच्यातही कॅनचंच गेलं होतं. म्हणजे जागं करणारं पाणी होतं. गुळवेलीने काही केलं की नाही, कुणालाच माहीत नव्हतं.

मी सरांना बोलावलं. काही बोलले नाही, दुर्बिणीकडे बोट केलं. ते वाकले. खूप वेळ वाकून होते. मग ताठ होत म्हणाले, "कुनीतरी हालवली असंल."

सात वर्षांत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर त्यांनी त्याला खोलीबाहेर काढलं असतं. मी म्हटलं, "सर, पाणी..." ते म्हणाले, "दादानं दवाखान्याची परत पाठवलीय. पाऊस आठ दिसांवर आलाय. पाण्याचं नंतर बघू." आणि वाट्या स्वतःच्या हाताने ओतल्या. त्या दिवशी त्यांनी पुरावा ओतला, आणि मी टॉवेल घेऊन शेजारी उभी होते.

सकाळी जीपमध्ये मी त्यांना पुन्हा मोबाईल पुढे केला. त्यांनी पाहिला आणि खिडकीबाहेर बघत बसले. मी मोबाईल पर्समध्ये ठेवला.

वस्तीवर सणासारखं वातावरण होतं. वहिनी एकेका शेळीचे कान धरून पुढे आणत होत्या, सर टोचत होते, मी गेरूचा ठिपका लावत होते. चार बोकड त्यांनी बाजूला बांधून ठेवले होते. "ह्ये देवाला सोडल्यालं. ह्यास्नी सुई लावायची न्हाई, भावजी." सर हसले. "ऱ्हाऊ द्या वैनी. ती आपली मुकी वाटी." वहिनींना काही कळलं नाही, पण दीर हसला म्हणून त्याही हसल्या. मग माझ्या हातात चहाचा कप देऊन हळूच म्हणाल्या, "बाय, तू शिकल्याली हाईस. काय व्हनार न्हाई न्हवं माझ्या जितराबाला?"

मी म्हटलं, "नाही हो काकी. काही होत नाही."

एवढंच बोलले. सात वर्षं ज्याने मला खोटं मोरीत ओतायला शिकवलं, तो चार हातांवर सुई धरून उभा होता, आणि मी खोटं बोलले ते चहा गार होऊ नये इतक्या सहज.

आषाढात फोन आला. आम्ही पोचलो तेव्हा गोठ्यामागे खड्डे खणून झाले होते. शेळ्या निम्म्या गेल्या होत्या. ज्या उरल्या त्यांच्या कपाळावर गेरूचा ठिपका अजून फिकट दिसत होता. वहिनी दारात बसल्या होत्या, आणि त्यांना बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. त्या रडत नव्हत्या. हिशेब मांडावा तसं एकेक शब्द मोजून म्हणाल्या, "भावजी, सुई लावल्याल्या निम्म्या गेल्या. देवाच्या चारातली बी दोन गेली. मंग तुमच्या सुईनं केलं काय?"

आमच्या पेशीविज्ञानातला इतका स्वच्छ निष्कर्ष मी कुठल्या परिषदेत ऐकलेला नाही. माझा मोबाईल माझ्या पर्समध्ये होता, फोटो मोबाईलमध्ये होता. हात पर्सच्या चेनपर्यंत गेला आणि तिथेच राहिला. तेवढ्यात थोरले भाऊ म्हणाले, "गप ऱ्हा गं. त्यानं काय जानून केलंय का?"

त्यावर सरही बोलले नाहीत आणि मीही नाही. एवढी शिकलेली दोन माणसं एका अडाणी माणसाच्या माफीच्या आड लपून उभी राहिली. मला आजही स्वतःची त्याहून जास्त घाण वाटलेला दुसरा क्षण आठवत नाही.

सर त्यानंतर फार दिवस कॉलेजात टिकले नाहीत. किल्ली शिपायाकडे दिली आणि गेले. मला एका शब्दाने सांगितलं नाही. मी गुळवेलीचं प्रकरण गाळून प्रबंध पुण्यात पूर्ण केला, नावापुढे डॉक्टर लागलं, नोकरी लागली. प्रबंधाच्या सुरुवातीला सरांचे आभार मानलेत. वाचणाऱ्याला वाटेल केवढी कृतज्ञ विद्यार्थिनी. इतकी वर्षं मी मनात एकच खटला चालवत आले. आरोपी ते, साक्षीदार मी. ते मोठे होते, त्यांनी ओतलं, त्यांनी टोचलं. मी दाखवलं होतं. दोनदा दाखवलं होतं. यापेक्षा एका प्रोजेक्टवरच्या पोरीने काय करायचं असतं?

गेल्या मे महिन्यात एका विद्यार्थिनीच्या लग्नाला विंझरला गेले होते. परतीच्या एसटीसाठी थांबले तर समोरून सर आले. डोक्याला मुंडासं, दाढी पांढरी, हातात थर्माकोलचा डबा. चपला अजून दोन तऱ्हेच्या. त्यांनी मला ओळखलं, आणि मधली वर्षं नसल्यासारखे शेजारी येऊन बसले.

"दवाखान्याची लस," डब्यावर हात ठेवून म्हणाले. "औंदा पुरती दिली."

"देवाच्या बोकडांना?"

"त्यास्नी अजून लावू देत न्हाई वैनी."

रस्त्यावरून राजगडला जाणाऱ्या पोरांच्या मोटारसायकली गेल्या. मला वाटलं, आता ते माफी मागतील. खरं सांगायचं तर मी त्यासाठी मनात जागा करून ठेवली होती, काय उत्तर द्यायचं तेही ठरलेलं होतं. ते म्हणाले, "त्या दिशी तू नुसतं दावलंस. बोंब मारायला पायजे हुती."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "सर, मी तुम्हाला दोनदा दाखवलं. वाट्या तुम्ही ओतल्यात. मी ओरडले असते तर तुम्ही ऐकलं असतंत?"

त्यांनी विचार केला. जुन्या सवयीने, दुर्बिणीत बघावं तसा एक डोळा बारीक करून विचार केला.

"न्हाई," म्हणाले. "म्या न्हाई ऐकलं असतं. माझी मती गेली हुती."

"मग?"

"वैनी हुती की तिथं. शेळ्याचं कान धरून हुबी. तुला इचारत हुती."

एसटी आली. सरांनी उठून हात वर करून ती थांबवली. मी चढले, खिडकीची जागा मिळाली. बसल्याबसल्या मोबाईल काढून तो फोटो बघितला. तो मी अजून ठेवलेला आहे, आणि वहिनींना अजून दाखवलेला नाही.